एका कान्याचा फरक

"सही कर, अक्का."

गच्चीवर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, पसारा मांडलेला, ऊन डोक्यावर यायच्या आत शेवटचं पातेलं संपवायची घाई चाललेली, आणि भूषण पायातली चप्पलसुद्धा न काढता जिना चढून वर आला तो हातातला कागद सख्ख्या बहिणीच्या नाकासमोर धरूनच! मेघाचे दोन्ही हात ज्वारीच्या घाट्यात मनगटापर्यंत भरलेले होते. आई, भिकुबाई, ओल्या धोतरावर बिबडी थापत होती. भावजय दीपमाला पातेल्यातला घाटा खरवडत होती. तिघींनी एकदमच मान वर केली.

"काय आहे ते?" मेघानं विचारलं, जणू काही तिला ठाऊकच नव्हतं!

"नोटीस. उद्या सकाळी कामावर हजर व्हायचं. नाही झालीस तर सेवाखंड."

"आणि ती तू घेऊन आलास?"

"आस्थापनेचं टेबल माझ्याकडे आहे. सगळ्या संपवाल्यांना वाटून आलो. तुला काय वेगळा टपाल्या पाठवू?"

गावाचं नाव काय करायचं आहे? सोनगीरच्या किल्ल्यावरून नजर टाकली तर उन्हाच्या झळांत कुठेतरी दिसेल असं तालुक्याचं गाव, आणि गावाला असते तशी त्याला एक नगरपालिका. बहीण-भाऊ दोघं तिथेच नोकरीला. भूषण आस्थापनेत, म्हणजे कोण कधी लागला, कोण कधी सुटला याचा हिशेब ठेवणारा. मेघा करवसुलीत, आणि या मार्चपासून जुन्या पेन्शनसाठी बसलेल्या संपाची सचिव. पाणीपुरवठा आणि दवाखाना संपातून वगळा, गावाला तहानलेलं ठेवून आपल्याला काही मिळवायचं नाही, असं पहिल्याच सभेत ठणकावून सांगणारीही तीच. एका छपराखाली राहणारी दोघं सकाळी एकाच दारातून निघायची. एक नगरपालिकेच्या आत जायचा, दुसरी फाटकासमोरच्या मांडवात बसायची.

"सही कर म्हटलं ना!"

मेघानं एकवार त्याच्याकडे पाहिलं. मग घाट्यानं माखलेला अंगठा त्या कागदावर, साहेबांच्या सहीच्या बरोब्बर खाली, असा काही दाबला की कागद पार चिकटून गेला!

"घे. पोचली म्हणून सांग."

दीपमालाला हसू फुटलं. नवऱ्याच्या डोळ्यांकडे लक्ष जाताच तिनं ते पदराआड लपवलं. भूषण लालबुंद झाला. आणि मग तो जे बोलला ते बोलायला नको होतं... पण माणूस रागात असला की जिभेला हाड नसतं हेच खरं!

"तुला कशाला पाहिजे गं पेन्शन? ना पोर ना बाळ! मी आहे ना? म्हातारपणी तुला दोन घास घालणार नाही का मी? आबांनी नोकरी मला दिली ती घर सांभाळायलाच दिली. सांभाळतोय की नाही? मग कशाला गावभर तमाशा?"

दोन घास! मेघाच्या काळजात काहीतरी लक्कन हललं. त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता, हेच तर दुःख होतं... तो मनापासून बोलत होता. मनापासूनच तो तिला आपल्या ताटाच्या कडेला बसवत होता.

"दोन घास तू घालशील, भूषण. घालशीलच. पण मी ते वाट पाहून खायचे, आणि खाल्ल्यावर उपकार मानायचे! मला नाही जमायचं."

"थांबा रे!" बिबडीवरचा भिकुबाईचा हात थांबला होता. "हाई काय बोली राहिना तुम्ही? मेघाले मन्हासारखं पेन्शिल नही?"

भिकुबाई पेन्शनला पेन्शिलच म्हणायची. झुलालच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, माघारी तिला कुटुंबाची पेन्शन लागली होती आणि त्या पेन्शनीच्या जोरावर म्हातारी गावात ताठ मानेनं वावरायची. औषधाला तिनं मुलाकडे हात पसरला नव्हता, की सुनेच्या माहेरच्या लग्नात आहेर करताना कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. लेक सरकारी नोकरीत, म्हणजे तिलाही आपल्यासारखीच पेन्शन असणार, हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की तिनं कधी विचारलंच नाही. आणि मेघानं कधी सांगितलं नाही.

"नाही, आई," भूषण म्हणाला. "एक नोव्हेंबर दोन हजार पाचनंतर जे लागले त्यांना नवी योजना. पगारातून कापतात, बाजारात लावतात, शेवटी जे काय हातात येईल ते येईल."

"अन् तुले?"

"मला जुनीच. मी त्याच्या आधी लागलो ना, सप्टेंबरात."

"तू पह्यले लागना... म्हणीसन तुले शे? अन् ती मांगून लागनी म्हणीसन तिले नही?"

"हो."

भिकुबाईनं बिबडी अर्धी थापलेली तशीच सोडली आणि ती भिंतीला टेकून बसली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मेघा धावली. "माय, काय व्हयनं? ऊन लागनं का?" पण म्हातारी लेकीच्या नजरेला नजर देईना.

ऊन नव्हतं लागलं! मेघाला वाटलं, आईला आपल्या म्हातारपणाची काळजी लागली. तिला तसं वाटणं साहजिकच होतं. कारण त्या उतरलेल्या चेहऱ्यामागचं गुपित फक्त आपल्यालाच माहीत आहे, अशी तिची इतक्या वर्षांची समजूत होती...

झुलाल नगरपालिकेचा व्हॉल्व्हमन. भल्या पहाटे ती लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो गल्लोगल्ली पाणी सोडत फिरायचा. दोन हजार पाचच्या वैशाखात, असाच एका चेंबरवर वाकलेला असताना त्याला लकव्यानं गाठलं. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात तो पडून होता, अर्धं अंग गेलेलं, जीभ जड झालेली. त्याला बघायला ऑफिसचे बडेबाबू आले होते. माणूस भला, पण कोकणातून बदलून आलेला. अहिराणीचं अक्षर त्याला कळत नव्हतं. त्यांनी खाली वाकून विचारलं, "झुलालभाऊ, देव करो नि तशी वेळ न येवो, पण उद्या काही बरंवाईट झालंच तर तुमच्या जागी अनुकंपावर कोणाला घ्यायचं? तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं."

झुलालनं सगळा जीव ओठांत आणला होता. "आंडेरले..."

खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. अहिराणीत आंडेर म्हणजे मुलगी, आणि आंडोर म्हणजे मुलगा. लिहायला गेलं तर एका कान्याचा फरक! लकवा झालेल्या जिभेवर तर तेवढाही नाही.

"काय म्हणाले?" बडेबाबूंनी गोंधळून विचारलं.

उशाशी भिकुबाई उभी होती. ती म्हणाली, "आंडोरले म्हणी राहिनात. पोर्‍याले द्या म्हणतस, भूषणले."

खाटेच्या दुसऱ्या कडेला मेघा उभी होती. तिनं स्वच्छ ऐकलं होतं. 'आंडेरले!' बारावीला तालुक्यात नाव काढलेली ही पोर आपली जागा चालवील, असं आबा तिला कितीदा तरी म्हणाले होते. त्या घटकेला आबांचा चांगला हात उठला, तिच्या ओढणीचं टोक त्यांनी मुठीत धरलं... आणि डोळ्यांनी, फक्त डोळ्यांनी, ते तिला विनवत राहिले. सांग, बाई! मला बोलता येत नाही. तू सांग!

ती बोलली नाही. परक्या माणसासमोर आईला खोटं पाडायचं? नवरा मरणाच्या दारात असताना भांबावलेली ती बाई, तिच्या कानांनी चूक केली असेल, तिचा काय दोष? आणि भूषण! कोवळा, वाया जायच्या वाटेवर उभा, दिवसभर एस. टी. स्टँडवर टवाळक्या करणारा... त्याला ही नोकरी लागली तर तो माणसात येईल. आपलं काय, आपण शिकून कुठेही लागू! असा विचार करून तिनं आबांच्या मुठीतून ओढणी हळूच सोडवली होती. ते सोडवणं ती जन्मात विसरली नव्हती.

आबा गेले. भूषण सप्टेंबरात लागला आणि खरोखरच माणसात आला. नोव्हेंबरात सरकारनं रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचे तरले, पलीकडचे बुडाले. परीक्षा देऊन दोन वर्षांनी त्याच नगरपालिकेत लागलेली मेघा पलीकडे. भावाचं लग्न आधी होऊ दे म्हणता म्हणता तिची स्थळं यायची थांबली. तिनं तक्रार केली नाही. आई चुकून बोलली, हे आईला कधी कळू द्यायचं नाही, एवढा एकच नेम तिनं देवाच्या दिव्यासारखा जपला.

दुसऱ्या दिवशी नोटिशीची मुदत टळून गेली तरी मेघा मांडवातच होती. उन्हानं कनात तापली होती. "एकच मिशन, जुनी पेन्शन" ओरडून ओरडून सगळ्यांचे घसे बसले होते. तेवढ्यात समोर रिक्षा थांबली. भूषणनं हात धरून आईला खाली उतरवलं. मेघाला सगळं उमगलं. हा शेवटचा डाव होता!

"या, भूषणभो," सफाई खात्यातले चिंधाभाऊ मिशीत हसले. "तुमनी गाडी तं लागी गयी. आम्ही आजून फाट्यावर उभा शेतस. काय, निरोप द्यावाले उनात का?"

भूषणनं तिकडे लक्ष दिलं नाही. "अक्का, माझं नको ऐकू. आईचं तरी ऐकशील? साहेबांनी माझ्या शब्दाखातर दुपारपर्यंत ऑर्डर थांबवली आहे. आई, सांग तिला. घरी चल म्हणून सांग."

भिकुबाई मांडवाच्या मधोमध उभी राहिली. रात्रभरात ती वाळल्यासारखी झाली होती. तिनं लेकीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"भूषण, तुले काय वाटस? तुन्हा आबानी नोकरी तुले दिन्ही?"

"म्हणजे काय! दवाखान्यात त्यांनी... तूच तर सांगितलंस."

"हाव. मीच सांगं. मी खोटं सांगं!"

भिकुबाईनं आपल्याच कानावर बोट ठेवलं.

"त्यासनी आंडेरले म्हणं व्हतं. आंडोरले नही! मन्हा ह्या कानसनी आयकं, अन् मन्हा ह्याच तोंडनी फिराई दिधं. मले वाटनं, पोर काय, परघर चालनी जाई. पोर्‍या हाताशी राही तं मन्हं म्हातारपन सुधरी. मेघाले कुठे आयकू एल शे, आसं समजीसन मी इतला वरीस तोंड शिवी बठनू. पन ती रेघनी गोट मले काल समजनी! मन्ही पेन्शिल मी सुखे खाई राहिनू, अन् मन्ही पोरना म्हातारपनना घास मीच पयाडी लिधा..."

तिनं दोन्ही हात लेकीपुढे जोडले. "मेघा, माय... माफ कर!"

मेघा उठून उभी राहिली. तिच्या ओठांवर सवयीनं 'जाऊ दे, माय' आलं होतं... आयुष्यभर तेच तर येत आलं होतं! पण आज ते दातांशीच अडलं. आईच्या कानांनी चूक केली नव्हती! ज्या भोळ्या चुकीवर तिनं इतकी वर्षं पांघरूण घातलं ती चूक नव्हतीच. जाणूनबुजून, शुद्धीत, दोन लेकरांतलं एक निवडलं गेलं होतं, आणि ते ती नव्हती.

"माय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मलेबी आयकू एल व्हतं."

भिकुबाईचे जोडलेले हात तसेच राहिले.

"मी गप्प राहिनी, कारण मले वाटनं तुले नीट आयकू एल नही. तुले दोष लागाले नको म्हणीसन आबाना हातमजारली ओढणी सोडाई लिधी मी! आन् तुले... तुले बठ्ठं माहीत व्हतं?" तिचे डोळे भरून आले, पण मान खाली गेली नाही. "मग आयक. मी कधी बोलनी नही, आज बोलस. मले पाहिजे व्हती ती नोकरी, माय! भूषणवर माया व्हती म्हणीसन दिधी, पन मले पाहिजे व्हती! आबासनी मले दिन्ही व्हती. मन्ही व्हती ती!"

करवसुलीतल्या बायका रडायला लागल्या. चिंधाभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. भिकुबाई मात्र रडत नव्हती. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. जे ऐकायचं होतं ते एकदाचं ऐकायला मिळालं, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं.

"बोल, माय," ती पुटपुटली. "आखो बोल. बठ्ठं बोली टाक."

भूषण कनातीच्या बांबूला धरून उभा होता. 'आबांनी मला दिली...' किती तोऱ्यात म्हणायचा तो! लग्नाच्या बैठकीत म्हणाला होता, मित्रांत म्हणाला होता, कालच गच्चीवर म्हणाला होता. तो पुढे आला आणि भर मांडवात त्यानं बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अक्का, मी सोडतो ही नोकरी. आजच राजीनामा देतो!"

"ऊठ! खुळा की काय?" मेघानं त्याला खांद्याला धरून उभं केलं. डोळे पुसले ते डाव्या हातानं, घाईघाईनं, कुणी बघायच्या आत. "तुझी सुटून मला लागणार आहे का? तुझी पेन्शन काढून मला नको, भूषण. तुझी तुला राहो. माझी मला मिळो. त्यासाठीच तर आम्ही सगळे इथे उन्हात बसलोय! आणि पुन्हा 'दोन घास घालीन' म्हणालास तर याद राख. घास नको मला. ताट पाहिजे, माझं स्वतःचं!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. साहेबांचा होता. झालं का काम, ऑर्डर टाईप करायची की नाही, असं ते विचारत असावेत. भूषणनं एकवार बहिणीकडे पाहिलं.

"साहेब, ऑर्डर मी नाही करणार. माझ्या हातून नाही व्हायची ती. दुसऱ्या कोणाला सांगा... आणि त्याला म्हणावं, यादीत एक नाव राहिलंय. माझं. हो साहेब, आहे मला जुनी पेन्शन. हो, माहीत आहे बढतीचं. ठेवतो."

आणि तो चिंधाभाऊंच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसला. चिंधाभाऊ जरासे सरकले. मग त्यांनी आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढे केली.

संप मिटला तो असा की एक समिती नेमली गेली. समिती म्हणजे काय ते ज्यांनी कधी सरकारशी मागणं मांडलंय त्यांना सांगायला नको! सेवाखंड दोघांच्याही नावावर बसला. भूषणची बढती लांबली. दीपमालानं त्यावर एक चकार शब्द काढला नाही, उलट ती बातमी आली त्या दिवशी तिनं पुरणाचे मांडे केले. बहीण-भाऊ पुन्हा एकाच दारातून निघू लागले, आणि आता फाटकाच्या आतपर्यंत बरोबर जाऊ लागले.

पण आईशी मेघा बोलत नव्हती. औषध वेळेवर द्यायची, अंघोळीला पाणी काढायची, ताट वाढायची; शब्द मात्र नाही. माफी मागणाऱ्यानं मागितली म्हणून देणाऱ्याला ती लगेच सापडतेच असं नाही. भिकुबाईही गळ घालत नव्हती. "तिले राग करू द्या," ती सुनेला सांगायची. "तिना हक शे तो."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर धुळ्याला जिल्ह्याचा मोर्चा निघाला. नगरपालिका, पंचायत समित्या, शाळा... बायाबापड्यांनी आणि बाप्यांनी रस्ता फुलून गेला होता. मेघा आपल्या गावच्या फलकामागे घोषणा देत चालली होती, आणि पुढे कलेक्टर कचेरीच्या वळणावर तिला गलका ऐकू आला. पोलिसांच्या दोरीपाशी एक म्हातारी हुज्जत घालत होती.

भिकुबाई! कुणालाही न सांगता, स्वतःच्या पैशानं तिकीट काढून, एकटी एस. टी. नं आली होती!

"आजी, तुम्ही बाजूला सावलीत बसा," तरुण शिपाई समजावत होता. "तुम्हाला पेन्शन आहे का नाही?"

"शे ना!"

"मग झालं तर! ज्यांना नाही ते मोर्चा काढतायत. तुम्हाला आहे, तर तुम्ही कशाला आलात?"

"मले शे, म्हणीसनच तं उनू!" भिकुबाई कडाडली. "ज्याले नही त्याले काय चव माहीत, भो? मले इचार! दवाईना पैसा मांगाले पोर्‍याना तोंडकडे देखनं नही पडत, ते काय सुख ऱ्हास ते मी सांगसू तुन्हा साहेबले. मन्ही पोर बी तशीच ताठ जगाले पाहिजे. सोड ती दोरी!"

मागे जोराची टाळी पडली. शिपाई हसला, आणि त्यानं दोरी वर उचलली.

मेघा गर्दीतून वाट काढत कधी आईजवळ पोचली ते तिला कळलंच नाही. आई आणखी वाकली होती, चेहरा घामानं निथळत होता, ओठ कोरडे पडले होते. आणि मेघाच्या आत घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी अचानक सैल झालं. भूतकाळ पुसला गेला नव्हता, कधी जाणारही नव्हता... पण इतक्या लोकांत, इतक्या मोठ्यानं, आई पहिल्यांदाच तिच्यासाठी भांडत होती. तिनं आईचा हात हातात घेतला.

"माय," कितीतरी दिवसांनी तिनं हाक मारली, "ऊन भलतं शे. डोकावर पदर तरी लई ले."

भिकुबाईनं डोळे मिचकावून लेकीकडे पाहिलं.

"पदर कोठेन लेसू, माय? कंबरले खोसेल शे."

आणि लेकीचा हात धरून ती मोर्चाच्या पुढे चालू लागली.